विनंतीपासून कव्हर लेटरपर्यंत : आरे वसाहतीच्या संदर्भात नोकरीच्या पत्राचा ऐतिहासिक आढावा

१. प्रस्तावना

नोकरीसाठी लिहिलेल्या पत्राकडे इतिहासाचे साधन म्हणून सहसा पाहिले जात नाही. राजकीय पत्रव्यवहार, सनदा, करीने, महजर यांचा अभ्यास मराठी इतिहासलेखनात विपुल झाला आहे. मात्र पोटासाठी कोणीतरी कोणालातरी लिहिलेले पत्र, म्हणजेच अर्ज, हा निर्णय होताच फायलीत जातो आणि फाइल रद्दीत जाते. वस्तुतः समाजात काम कोणाला मिळते, कशाच्या बळावर मिळते आणि ते मागताना माणसाला स्वतःविषयी काय बोलण्याची मुभा असते, हे या पत्रांतून जितके स्पष्ट दिसते तितके अन्य साधनांतून क्वचितच दिसते.

आज खासगी क्षेत्रात नोकरीसाठी परिचयपत्रक म्हणजे बायोडेटा आणि त्यासोबत एक छोटे पत्र, ज्याला सर्वत्र ‘कव्हर लेटर’ म्हटले जाते, अशी जोडी पाठविण्याची पद्धत रूढ आहे. हे पत्र परिणामकारक कसे लिहावे यावर मार्गदर्शन पुष्कळ उपलब्ध असले, तरी ते बहुधा पाश्चात्त्य कार्यालयीन संस्कृती गृहीत धरून केलेले असते. मराठी अर्जदार ज्या परंपरेतून येतो तिचा त्यात विचार नसतो. प्रस्तुत निबंधात त्या परंपरेचा मागोवा घेऊन, मुंबई उपनगरातील आरे वसाहतीच्या संदर्भात, परिणामकारक पत्राची लक्षणे निश्चित करण्याचा प्रयत्न केला आहे. आरेची निवड करण्याचे कारण असे की, सरकारी नोकरी, अर्धवेळ काम, अंगमेहनत, कारखानदारी आणि संगणकयुगातील कार्यालये अशी रोजगाराची सर्व रूपे गेल्या पाऊणशे वर्षांत या एकाच परिसरात किंवा त्याच्या कुंपणालगत एकापाठोपाठ एक आली.

निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे आहे : नोकरीच्या कागदपत्रांत ‘रकाना’ आणि ‘मजकूर’ अशी दोन तत्त्वे नांदतात. रकाना सर्वांना समान प्रश्न विचारतो. मजकूर प्रत्येकाला वेगळे उत्तर देऊ देतो. कव्हर लेटर ही रकान्याबाहेरची जागा आहे. ज्यांचे ज्ञान कोणत्याही रकान्यात नोंदले गेले नाही, त्यांच्यासाठी ही जागा सर्वांत मोलाची आहे आणि नेमके त्यांनाच ती वापरण्याचे शिक्षण सर्वांत कमी मिळते.

२. विनंतीपत्राची परंपरा

मराठीत पत्रलेखन हे फार पूर्वीपासून शास्त्र मानले गेले. यादवकालीन हेमाद्री म्हणजे हेमाडपंत याच्या नावावर सांगितले जाणारे ‘मेस्तक’ हे कागदपत्रे व पत्रे कशी लिहावीत याविषयीच्या नियमांसाठीच ओळखले जाते. शिवकाल व पेशवेकाल या काळांत मायन्याचे नियम पक्के झाले. पत्र वडिलांस आहे की बरोबरीच्यास, स्वामीस आहे की सेवकास, यावर पहिली ओळ ठरत असे. ‘स्वामींचे सेवेसी’, ‘आज्ञाधारक’, ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना’ अशा पदांनी लिहिणाराची पायरी पत्राच्या आरंभीच निश्चित होई. मग ‘विशेष’ म्हणून मुद्दा येई आणि ‘बहुत काय लिहिणे, हे विज्ञापना’ असा समारोप होई.

या रचनेत मागणी करणाराने आपली योग्यता सिद्ध करावी अशी अपेक्षा गौण होती. चाकरी मिळे ती पूर्वजांची सेवा, ओळख आणि धन्याची मर्जी या तीन आधारांवर. त्यामुळे पत्रात स्वतःच्या कामाच्या वर्णनापेक्षा निष्ठेचे व गरजेचे निवेदन अधिक असे. ‘अर्ज’ हा शब्दही फारसीमार्गे आलेला मूळ अरबी शब्द आहे. वरिष्ठापुढे आपले म्हणणे मांडणे हा त्याचा मूळचा आशय. ‘नम्र विनंती’, ‘कृपादृष्टी असावी’, ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ ही आजच्या मराठी अर्जातील वाक्ये याच मुळातून आली आहेत. ती सभ्यतेची म्हणून वापरली जातात. परंतु त्यांच्यासोबत ‘देणारा उदार, घेणारा उपकृत’ हे जुने नातेही नकळत पत्रात शिरते.

३. उमेदवार, दाखला आणि सामूहिक अर्ज

इंग्रजी अमलात या परंपरेला नवे वळण मिळाले. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांच्या ठरावाने सरकारी नोकरीत इंग्रजी शिक्षितांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर झाले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे मॅट्रिक्युलेशनचे प्रमाणपत्र कारकुनीचा परवाना ठरले. तथापि प्रत्यक्ष कचेरीत प्रवेश मिळे तो ‘उमेदवार’ म्हणून. उमेद बाळगणारा तो उमेदवार. जागा रिकामी होईल या आशेवर विनावेतन किंवा नाममात्र मोबदल्यावर कचेरीत राबणे म्हणजे उमेदवारी. या व्यवस्थेत पत्रापेक्षा शिफारस मोठी होती. ‘वशिला’ हा शब्द मराठीत इतका खोल रुजला, तो याच अनुभवामुळे.

इंग्रजी अर्जाची भाषाही कमी लीन नव्हती. ‘मी नम्रपणे निवेदन करू इच्छितो’ येथपासून ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ येथपर्यंतची त्या काळची इंग्रजी सूत्रे मराठी अर्जात जशीच्या तशी उतरली. म्हणजे पेशवाईतील विज्ञापना आणि कंपनी सरकारची अदब या दोन परंपरांचा संगम होऊन आपला रूढ अर्ज तयार झाला.

याच काळात एक निराळा, आणि या निबंधाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा, अर्जही लिहिला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. त्याविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये एक निवेदन तयार केले. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे विनंतीअर्ज पाठविण्यात आला. हे नोकरीचेच अर्ज होते, मात्र एका व्यक्तीचे नव्हते. एका संपूर्ण समाजाचे होते. त्यांचे बाह्य रूप विनंतीचेच राहिले, परंतु आतला युक्तिवाद बदलला. पूर्वी केलेली सैनिकी सेवा हा त्यांचा पुरावा होता. जातीवरून दार बंद करणे हे सरकारच्या स्वतःच्या न्यायतत्त्वाशी विसंगत आहे, हा त्यांचा मुद्दा होता. आणि पुन्हा भरती व्हावी, ही मागणी नेमकी होती.

या अर्जांना तातडीने यश आले नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, महारांची पलटण उभी राहिली; युद्धानंतर ती मोडण्यात आली; आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. युद्धाची निकड हे त्याचे मोठे कारण होते, हे मान्य करूनही असे म्हणता येईल की, गरजेचे गाऱ्हाणे न मांडता सेवेची साक्ष मांडणारा अर्ज मराठी समाजात प्रथम ठळकपणे दिसतो तो येथे. परिणामकारक पत्राचे जे मर्म आजची मार्गदर्शक पुस्तके सांगतात, ते ज्यांना सर्व रकान्यांबाहेर ठेवले होते त्यांनी शतकापूर्वीच ओळखले होते.

४. आरे : दुधाची वसाहत आणि रकान्यांचे युग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत दुधाचा तुटवडा, भेसळ आणि शहरातील म्हशींच्या तबेल्यांची अस्वच्छता हे प्रश्न तीव्र झाले. त्यातून मुंबईची दूध योजना आकारास आली आणि १९४९ मध्ये गोरेगावच्या पूर्वेस आरे दूध वसाहत सुरू झाली. सुमारे ३,१६० एकरांच्या या परिसरात सुमारे तीस युनिटे उभारून शहरातील तबेले तेथे हलविण्यात आले. म्हशी खासगी मालकांच्या, जागा व गोठे सरकारचे, आणि दूध सरकारी दुग्धशाळेत निर्जंतुक होऊन शहरात जाणार, अशी ही रचना होती. तिचे शिल्पकार दुग्ध आयुक्त दारा खुरोडी यांना १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

रोजगाराच्या दृष्टीने या वसाहतीत तीन स्तर निर्माण झाले. पहिला स्तर दुग्धशाळेतील पगारी सेवकवर्गाचा : रसायनशास्त्रज्ञ, यंत्रचालक, कारकून, वाहनचालक. येथे विहित नमुन्यातील अर्ज, वयाचा व शिक्षणाचा दाखला, सेवायोजन कार्यालयातील नाव यांना महत्त्व होते. दुसरा स्तर गोठ्यांतील कामगारांचा. तबेलेवाल्यांची माणसे प्रामुख्याने उत्तर भारतातील गावांतून नातलग व गाववाल्यांच्या ओळखीने येत. तेथे पत्राची गरजच नव्हती. तिसरा स्तर मूळ रहिवाशांचा. वसाहत होण्यापूर्वीपासून या डोंगरउतारांवर वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी या समाजांचे पाडे होते. केलटीपाडा, जीवाचा पाडा, खांबाचा पाडा, हबाळेपाडा, प्रजापूरपाडा अशी त्यांची नावे. एकूण पाडे २७ असल्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. या लोकांच्या वाट्याला मुख्यतः गवतकापणी, मजुरी, भाजीपाला व रानफळे विकणे अशी कामे आली. म्हणजे एकाच कुंपणात अर्ज करणारा, ओळखीने येणारा आणि कोणीही न विचारलेला, असे तीन प्रकारचे श्रमिक राहत होते.

याशिवाय आरेचे नाव घरोघरी पोहोचले ते दूध केंद्रांमुळे. पहाटे बाटल्या उतरवून घेणे, दुधाची कार्डे तपासणे, रिकाम्या बाटल्या मोजून परत पाठविणे, हिशेब जुळविणे हे केंद्रावरचे काम. हे अर्धवेळ काम अनेक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या व निम्नमध्यमवर्गीय स्त्रियांच्या पहिल्या कमाईचे साधन ठरले. कामाचे स्वरूप पाहता येथे खरी पात्रता पदवीची नव्हती. पहाटे वेळेवर येणे, मोजदाद चोख ठेवणे आणि रांगेतील माणसांशी न चिडता बोलणे ही ती पात्रता होती. वेळेवर येण्याच्या सवयीसाठी छापील अर्जात रकाना नव्हता, आणि आजही नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात रकान्यांचे महत्त्व वाढले ते सकारण. संविधानाच्या अनुच्छेद १६ ने सरकारी सेवेत समान संधीची हमी दिली. १९५९ च्या कायद्याने रिक्त पदे सेवायोजन कार्यालयांना कळविणे बंधनकारक झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याबरोबर महाराष्ट्र लोकसेवा आयोग आला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला प्रशासनाच्या भाषेचे कायदेशीर स्थान दिले. विहित नमुना हे वशिल्याविरुद्धचे शस्त्र होते. सर्वांना तेच प्रश्न, तीच मुदत, तेच निकष. ज्याचा मामा कचेरीत नाही त्यालाही पोच मिळावी, ही या नमुन्यामागील लोकशाही भूमिका होती आणि तिचे ऐतिहासिक मोल कमी लेखता येणार नाही.

मात्र रकाना भरण्यासाठी कागद लागतो. आरेतील आदिवासी तरुणांच्या बाबतीत ही अट विशेष कठोर ठरते. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या प्रमाणपत्रासाठी ६ सप्टेंबर १९५० हा मानीव दिनांक धरला जातो. त्या वेळी कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते, हे पुराव्याने दाखवावे लागते. आरे वसाहत सुरू झाली १९४९ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी जमिनीची मोजणी, कुंपण आणि गोठ्यांची आखणी होत होती, नेमक्या त्याच सुमारास पाड्यावरील कुटुंबाची लेखी नोंद असणे नातवाच्या नोकरीसाठी आवश्यक ठरले. म्हशींची गणना झाली, बाटल्यांचीही झाली. माणसांच्या नोंदीचा प्रश्न मात्र पुढील पिढ्यांवर आला.

५. कुंपणापलीकडची कार्यालये

१९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाली, तिच्या मुळाशी नोकऱ्यांतील मराठी माणसाच्या स्थानाचा प्रश्न होता. ‘मार्मिक’ साप्ताहिकाने विविध आस्थापनांतील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्याच छापल्या. पुढे स्थानीय लोकाधिकार समित्यांनी बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांतील भरतीसाठी मराठी तरुणांना अर्ज भरणे, परीक्षेची तयारी, मुलाखत यांचे मार्गदर्शन केले. या चळवळीच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. परंतु अर्ज करणे ही शिकण्याची व शिकविण्याची गोष्ट आहे, हे तिने मान्य केले, ही नोंद आवश्यक आहे.

१९७३ मध्ये आरेच्या दक्षिणेस अंधेरीत सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले. १९७७ मध्ये आरेच्याच शेजारी चित्रनगरी उभी राहिली. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने गोरेगाव, मालाड, पवई या परिसरांत संगणक व सेवा उद्योगांची कार्यालये वाढली आणि संकेतस्थळांवरून भरती सुरू झाली. या नव्या मालकांना विहित नमुना नको होता. त्यांना बायोडेटा आणि सोबतचे पत्र हवे होते.

हे पत्र पाश्चात्त्य जगातून आले. त्याचे पूर्वज शोधताना लिओनार्दो दा व्हिंची याने सुमारे १४८२ मध्ये मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला उद्देशून तयार केलेल्या पत्राचा नेहमी उल्लेख होतो. युद्धाच्या चिंतेत असलेल्या या राजाला त्याने आपण पूल, तोफा व वेढ्याची यंत्रे कशी करू शकतो याची क्रमवार यादी दिली आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. आपण कोण आहोत यापेक्षा समोरच्याला काय हवे आहे यावरून पत्राचा क्रम ठरवावा, हा धडा त्यातून मिळतो.

मराठी तरुणासमोरची अडचण येथे सुरू झाली. शाळेत शिकविलेला अर्ज ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘महोदय’, ‘आपला विश्वासू’ या चौकटीतला होता. त्यात स्वतःविषयी ठामपणे लिहिणे म्हणजे आत्मप्रौढी, असा संस्कार होता. कव्हर लेटरची अपेक्षा नेमकी उलट : स्वतःच्या कामाविषयी बोला, तेही इंग्रजीत आणि मोजक्या ओळींत. परिणामतः रकान्याने जी समानता आणली होती ती काही अंशी मागे पडली. ज्याच्या घरात इंग्रजी पत्रव्यवहार होता त्याला हा सूर ऐकून ऐकून येत होता. इतरांनी तयार नमुने उतरवून घेतले. एकाच नमुन्याची शेकडो पत्रे कार्यालयांत जाऊ लागली आणि ज्या पत्राने माणूस वेगळा दिसावा, त्यानेच त्याला गर्दीत लपविले.

६. परिणामकारक पत्र : एक तुलना

वरील विवेचन मूर्त करण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. आरेत राहणारी, दुग्धतंत्राची पदविका घेतलेली एक तरुणी दुग्ध प्रयोगशाळेतील साहाय्यक या पदासाठी अर्ज करीत आहे. रूढ पद्धतीचे पत्र असे होईल :

‘मी आपल्या जाहिरातीनुसार अर्ज करीत आहे. माझ्या घरची परिस्थिती हलाखीची असून मला नोकरीची नितांत आवश्यकता आहे. मी कष्टाळू, प्रामाणिक व जबाबदारीने काम करणारी आहे. संधी दिल्यास मी तिचे सोने करीन. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’

या पत्रातील प्रत्येक वाक्य खरे असू शकते. परंतु ते कोणत्याही पदासाठी, कोणीही, कोणालाही लिहू शकेल. कष्टाळूपणा सांगितला आहे, दाखविलेला नाही. हलाखी ही वस्तुस्थिती असली, तरी ती ऐकणाऱ्याच्या मनात दया उत्पन्न करते, विश्वास उत्पन्न करीत नाही. आता दुसरे पत्र पाहू :

‘आपल्या दुग्ध प्रयोगशाळेतील साहाय्यक पदासाठी मी अर्ज करीत आहे. दूध स्वीकारण्याचे काम पहाटे साडेचारला सुरू होते, असे जाहिरातीत नमूद आहे. माझे घर आरेमध्येच असल्याने त्या वेळी मी पायी पोहोचू शकते. गेली दोन वर्षे मी एका गोठ्याची दुधाची नोंदवही ठेवीत आहे. कोणत्या म्हशीचे दूध किती, कोणते परत आले आणि कशामुळे, हे त्यात रोज लिहिते. लॅक्टोमीटरने दुधाची घनता पाहणे आणि गर्बर पद्धतीने स्निग्धांश काढणे हे पदविकेच्या अभ्यासक्रमात केले आहे. संगणकावरील नोंदींचा सराव अजून कमी आहे. तो सध्या वाढवीत आहे. नोंदवहीतील दोन पानांची प्रत सोबत जोडली आहे. प्रात्यक्षिक चाचणीसाठी कोणत्याही दिवशी सकाळी येऊ शकेन.’

दुसरे पत्र काहीसे मोठे आहे, पण त्यात वाया गेलेले वाक्य नाही. पहिले वाक्य पद सांगते. दुसरे वाक्य जाहिरात लक्षपूर्वक वाचल्याची खूण देते आणि मालकाची अडचण ओळखते : पहाटेच्या पाळीला माणूस मिळणे. तिसरे वाक्य त्या अडचणीवर उत्तर देते. चौथ्या व पाचव्यात अनुभव आहे, तोही कृतीच्या रूपात. सहाव्यात प्रशिक्षण नेमक्या शब्दांत आहे. सातव्यात उणीव मान्य केली आहे, त्यामुळे आधीच्या वाक्यांवरचा विश्वास वाढतो. नवव्यात पुरावा आहे आणि दहाव्यात पुढचे पाऊल. घरच्या परिस्थितीचा शब्दही नाही. तरीही पहाटे पायी येणारी, रोज नोंद ठेवणारी व्यक्ती वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. विशेष म्हणजे गोठ्याच्या नोंदवहीसाठी कोणत्याही विहित नमुन्यात रकाना नाही. वलंगकर आणि कांबळे यांच्या निवेदनांतील तीन घटक, म्हणजे केलेल्या कामाची साक्ष, समोरच्याच्याच निकषावर आधारलेला युक्तिवाद आणि नेमकी मागणी, येथे व्यक्तिगत पातळीवर पुन्हा आढळतात.

अलीकडे संगणकीय साधनांकरवी क्षणात सफाईदार पत्र तयार करून मिळते. भाषेचा न्यूनगंड असलेल्या अर्जदाराला त्याचा आधार होऊ शकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गोठ्याची नोंदवही त्या यंत्राला ठाऊक नसते. अर्जदाराने ती सांगितली नाही तर यंत्र ‘कष्टाळू, प्रामाणिक, जबाबदार’ हेच अधिक सुबक भाषेत लिहील. सफाई सर्वांना सारखीच उपलब्ध झाल्यावर पत्राचे मूल्य त्यातील खऱ्या तपशिलावरच ठरणार आहे.

७. आरेतील एक पत्र

पत्राच्या परिणामकारकतेचा विचार आरेच्या संदर्भात करताना एका वेगळ्या पत्राचा उल्लेख टाळता येत नाही. मेट्रो-३ च्या कारडेपोसाठी ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्रीपासून आरेत वृक्षतोड सुरू झाली. दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली आणि विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. त्या वेळी कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राचीच जनहित याचिका म्हणून दखल घेतली आणि ७ ऑक्टोबर रोजी, सुट्टीच्या काळात, विशेष खंडपीठासमोर सुनावणी होऊन पुढील तोड थांबविण्याचा आदेश झाला. ज्याला अधिकार आहे त्यालाच पत्र, विलंब का परवडणार नाही याचे कारण आणि तत्काळ करता येईल अशी मागणी, हे त्याचे बळ होते. तोडलेली झाडे मात्र परत आली नाहीत. चांगल्या पत्राची ताकद आणि मर्यादा या एकाच घटनेत दिसतात.

अटक झालेल्यांत विद्यार्थीही होते. सरकारी नोकरीच्या छापील नमुन्यांत ‘आपणाविरुद्ध गुन्हा दाखल आहे काय?’ असा रकाना असतो. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच तेथे लिहिता येते. झाडाजवळ उभा राहिलो म्हणून, असे लिहायला तेथे जागा नसते. त्याच वर्षी डिसेंबरच्या आरंभी तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी आंदोलकांवरील गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली, तिचे महत्त्व या दृष्टीनेही आहे. रकाना प्रश्न समान विचारतो, पण उत्तरामागील कारण ऐकत नाही.

२०१७ मध्ये प्रजापूरपाड्यातील कुटुंबे याच प्रकल्पासाठी हलविण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल ही मेट्रो सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोहोचली. शहरातील दोन मोठी कार्यालयीन केंद्रे आता आरेशी थेट जोडली गेली आहेत. रुळांचे अंतर संपले, म्हणून पाड्यापासून कार्यालयापर्यंतचे अंतर संपले असे होत नाही. ते अंतर अंशतः कागदाचे आहे आणि अंशतः भाषेचे.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) मराठी नोकरीच्या अर्जावर पेशवेकालीन विज्ञापनेचा आणि वसाहतकालीन अदबीचा दुहेरी प्रभाव असून, त्यामुळे तो आजही गरजेच्या निवेदनाकडे झुकतो.

(२) केलेल्या कामाची साक्ष देऊन हक्काने मागणी करणाऱ्या अर्जाची परंपराही मराठीतच आहे. १८९४ व १९१० ची निवेदने तिची ठळक उदाहरणे होत. कव्हर लेटर शिकविताना या देशी परंपरेचा आधार घेणे शक्य व उचित आहे.

(३) विहित नमुन्याने वशिल्याला आळा घातला. परंतु ज्यांच्या ज्ञानाची व वास्तव्याची लेखी नोंद नाही त्यांना तो अपुरा पडतो. अर्जासोबतचे पत्र ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. मात्र ते प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही, आणि कागदपत्रे मिळवून देण्याची शासनाची जबाबदारीही त्याने कमी होत नाही.

(४) परिणामकारक पत्रात पदाची नेमकी गरज ओळखलेली असते, अनुभव विशेषणांऐवजी कृतीतून सांगितलेला असतो, उणीव लपविलेली नसते, पडताळता येईल असा पुरावा असतो आणि पुढील पाऊल स्पष्ट असते.

या निष्कर्षांवरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. शालेय व महाविद्यालयीन उपयोजित मराठीत अर्जलेखनाचा ठरीव नमुना पाठ करवून घेण्याऐवजी, विद्यार्थ्याने प्रथम स्वतः केलेल्या कामांची यादी मातृभाषेत करावी. घरच्या, शेतावरच्या, दुकानातल्या कामांसह. पत्राची भाषा, मग ती मराठी असो वा इंग्रजी, हा त्यानंतरचा प्रश्न आहे. दुसरी सूचना मालकवर्गासाठी : ज्या पदासाठी इंग्रजी लेखन ही कामाची गरज नाही, तेथे मराठीतील पत्र स्वीकारले जाईल, असे जाहिरातीतच नमूद करावे. एका ओळीची ही सूचना पाड्यावरील मुलामुलींपैकी काहींना तरी पत्र लिहायला बसवील. म्हशीच्या दुधाची, रानभाजीची, पावसाच्या पहिल्या ओघळाची माहिती असलेल्या या पिढीकडे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. ते वाचण्याची तयारी कार्यालयांनी दाखविली, तर अर्ज या शब्दातील जुनी लीनता मागे पडून त्यातील ‘म्हणणे मांडणे’ हा मूळ अर्थ पुन्हा वर येईल.